आउटलुक बदलल्यावर बंद पडलेली अ‍ॅड-इन: कॅनडा कॉर्नरच्या सेवा केंद्राचा अनुभव

आमचे द्राक्ष निर्यातीचे कार्यालय नाशिकला गंगापूर रोडवर आहे आणि पॅकहाउस दिंडोरी तालुक्यात. खरेदीदारांशी होणारा सगळा व्यवहार ई-मेलवर चालतो. प्रत्येक कंटेनरमागे पॅकिंग लिस्ट, कीडनाशक अंशांचा तपासणी अहवाल, वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र असे कागद येत-जात असतात आणि ते आउटलुक या ई-मेलच्या प्रोग्राममधूनच त्या त्या कंटेनरच्या क्रमांकाखाली जतन करणारे एक अ‍ॅड-इन (मूळ प्रोग्रामला जोडलेला छोटा पूरक प्रोग्राम) आम्ही कित्येक वर्षे वापरत आहोत. ऑफिस २०१६ चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, म्हणून आठही संगणकांवर ऑफिसचे नवे रूप, मायक्रोसॉफ्ट ३६५, बसवून घेतले. बसवणाऱ्या विक्रेत्याने तुमच्याकडे कोणती अ‍ॅड-इन आहेत, एवढेही विचारले नाही. दुसऱ्या दिवशी जतन करण्याचे बटण एकाही संगणकावर दिसेना. पत्राखाली कंपनीची स्वाक्षरी जोडणारे दुसरे अ‍ॅड-इन काही ठिकाणी चाले, काही ठिकाणी नाही. विक्रेत्याने दोन संगणकांवर ऑफिस काढून पुन्हा बसवले, तरी स्थिती तीच राहिली. तेव्हा आम्ही कॅनडा कॉर्नरजवळच्या या संगणक सेवा केंद्राला बोलावले.

आलेल्या तंत्रज्ञ ताईंनी पहिला तासभर काहीही दुरुस्त केले नाही, आणि मला त्यांच्या कामातले हेच सर्वांत मोलाचे वाटते. कंट्रोलचे बटण दाबून धरून त्यांनी आउटलुक सेफ मोडमध्ये उघडले, म्हणजे अ‍ॅड-इनविना मूळ प्रोग्राम नीट चालतो का ते आधी कळावे. तो नीट चालला. मग प्रत्येक संगणकावर ऑफिस ३२-बिट आहे की ६४-बिट (एकाच प्रोग्रामचे दोन प्रकार, ६४-बिटला जास्त मेमरी वापरता येते), ऑप्शन्समधल्या अ‍ॅड-इनच्या यादीत कोणते सक्रिय आहे आणि कोणते बंद, हे त्यांनी वहीत लिहून घेतले. तक्रार एकसारखी दिसत असली तरी कारणे तीन निघाली.

जतन करणारे अ‍ॅड-इन ३२-बिट होते. मायक्रोसॉफ्ट ३६५ हल्ली वेगळे काही निवडले नाही तर ६४-बिटच बसते आणि ६४-बिट आउटलुकमध्ये ३२-बिटचे कॉम (संगणकावरच बसवायचे, जुन्या पद्धतीचे) अ‍ॅड-इन लोडच होऊ शकत नाही. त्यामुळे विक्रेत्याने पुन्हा पुन्हा बसवण्यात गेलेला वेळ वायाच गेला होता. दोन मार्ग होते: अ‍ॅड-इनच्या निर्मात्याकडून ६४-बिट आवृत्ती मागवायची, किंवा संपूर्ण ऑफिस काढून ३२-बिट बसवायचे, कारण दोन्ही एका संगणकावर शेजारी-शेजारी नांदत नाहीत. “सर, तुमच्या हिशेबाच्या एक्सेल फायली फार मोठ्या आहेत, ३२-बिटवर गेलात तर तिथे मेमरी कमी पडेल,” असे सांगून त्यांनी पहिला मार्ग सुचवला, निर्मात्याला पाठवायचे पत्रही स्वतः लिहून दिले आणि ६४-बिट आवृत्ती चौथ्या दिवशी मिळाली.

स्वाक्षरीच्या अ‍ॅड-इनचे दुखणे वेगळे होते. सलग पाच वेळा आउटलुक उघडताना एखाद्या अ‍ॅड-इनने घेतलेल्या वेळेचा मध्यक (चढत्या क्रमाने लावल्यावर मधला येणारा आकडा) १,००० मिलिसेकंदांपेक्षा, म्हणजे एका सेकंदापेक्षा जास्त भरला, तर आउटलुक ते आपोआप बंद करते. ‘हे अ‍ॅड-इन नेहमी चालू ठेवा’ असा पर्याय तिथेच मिळतो आणि घाईतला माणूस तोच दाबून मोकळा होतो. ताईंनी ते इतका वेळ का घेते, हे शोधले: बदललेल्या सर्व्हरवरच्या जुन्या फोल्डरमध्ये ते प्रत्येक वेळी स्वाक्षरीचा नमुना शोधत होते. मार्ग दुरुस्त करून अ‍ॅड-इन पुन्हा सक्रिय केले, तेव्हापासून ते टिकून आहे. दोन संगणकांवर तर कुणीतरी कोपऱ्यातले ‘नवीन आउटलुक’चे बटण चालू केले होते, त्यात कॉम अ‍ॅड-इन चालतच नाहीत, फक्त इंटरनेटवरून चालणारी वेब अ‍ॅड-इन चालतात. जुन्या रूपात परत येणे हे क्षणाचे काम होते. जुने आउटलुक किमान २०२९ पर्यंत सांभाळले जाईल असे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले आहे, पण त्यापुढची खात्री नाही, त्यामुळे वेब अ‍ॅड-इनबद्दल निर्मात्याशी आताच बोलून ठेवा, हा त्यांचा सल्ला मी मनावर घेतला आहे.

उणिवाही सांगायला हव्यात. केलेल्या बदलांची लेखी नोंद मागितल्याशिवाय मिळाली नाही. पुढचा तंत्रज्ञ आला तर त्याला काय बदलले हे कळायला हवे, म्हणून ती बिलासोबतच द्यावी. सहा संगणकांचे काम एका दिवसात झाले, उरलेल्या दोन संगणकांसाठी मात्र चार वेळा फोन करावा लागला. दर बाजारापेक्षा थोडा जास्त आहे, पण निदानाचा तास धरूनही मला तो योग्य वाटतो. द्राक्षांच्या हंगामात, जानेवारी ते एप्रिल, आमचे कार्यालय रविवारीही उघडे असते. निदान त्या काळात रविवारी फोन उचलण्याची सोय या केंद्राने करावी, अशी माझी विनंती आहे.