जपानी बोलण्याच्या सरावासाठी ओकायामात नव्वद दिवस : परत येऊन सहा महिने झाल्यावर

सप्टेंबर ते नोव्हेंबर असे नव्वद दिवस मी ओकायामाला राहिले. पुण्यात दोन वर्षं जपानी शिकले होते, जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-फोर पातळी पास झाले होते, पाट्या वाचता यायच्या, पण बोलायची वेळ आली की शब्द घशातच राहायचे. जेएलपीटीत बोलण्याची परीक्षाच नसते, त्यामुळे ही उणीव मार्कांत कधी दिसली नाही. परत आल्या आल्या लिहायला बसले होते, पण तेव्हा सगळंच गोड वाटत होतं. आता काय टिकलं आणि काय उतरलं ते नीट कळतंय.

टोकियो सोडून ओकायामा घेतलं, हा सगळ्यात चांगला निर्णय. निवडताना कारण साधं होतं. सिंहगड रस्त्यावरचं आपलं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलंय, ती बाग तिथली. खरा फायदा तिथे गेल्यावर कळला. क्योतोत मी जपानीत विचारायचे आणि उत्तर इंग्रजीत यायचं. ओकायामात मी अडखळले की समोरचा माणूस तेच वाक्य जरा हळू, पण जपानीतच पुन्हा म्हणायचा. सराव म्हणतात तो हाच.

पहिल्या दिवशी कॉनबिनीत, म्हणजे तिथल्या चोवीस तास उघड्या दुकानात, काउंटरवरच्या मुलाने एका दमात विचारलं, "फुकुरो गोरियो देसु का?" फुकुरो म्हणजे पिशवी, एवढं माहीत होतं. 'गोरियो' हे आदरार्थी रूप पुस्तकात पाहिलेलं, पण त्या वेगात कानाला लागलं नाही. मी "हाइ" म्हटलं आणि नको असलेली पिशवी विकत घेतली (2020 च्या जुलैपासून तिथे प्लॅस्टिकच्या पिशवीला पैसे पडतात). पुढचे तीन दिवस मी रांगेत उभी राहून इतर लोक काय म्हणतात ते ऐकत होते. ते म्हणायचे "दाइजोबु देसु". आम्ही वर्गात याचा अर्थ 'ठीक आहे' असा शिकलो होतो. काउंटरवर मात्र त्याचा अर्थ 'नको, राहू दे'. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. प्रश्न विचारायची तयारी आपण खूप करतो, पण अडतं ते समोरून आलेलं बोलणं समजण्यात. जाणाऱ्यांनी निघण्याआधी महिनाभर फक्त काउंटरवरची वाक्यं कानावर पडू द्यावीत.

आपल्याला एक मोठी सोय आहे, ती आधीच कोणी सांगितली असती तर बरं झालं असतं. मनात वाक्य इंग्रजीत जुळवू नका, मराठीत जुळवा. क्रियापद शेवटी, विभक्ती नामाच्या मागे, हे तर आहेच. पण 'ताबेते मिरु' म्हणजे अक्षरशः 'खाऊन बघणे', 'कात्ते ओकु' म्हणजे 'घेऊन ठेवणे', 'मोत्ते कुरु' म्हणजे 'घेऊन येणे'. इंग्रजीतून शिकताना या एकेका रूपावर पानभर नियम असतात, आणि मराठी माणसाच्या तोंडात ती बसलेलीच असतात. समोरचा बोलत असताना मधे मधे हुंकार देण्याची जपानी सवयही आपल्याला परकी नाही.

याचा पुरेपूर उपयोग झाला तो घराजवळच्या फळांच्या दुकानात. सत्तरीच्या एक आजी दुकान चालवायच्या. ओकायामा पीच आणि द्राक्षांचं गाव. मी गेले तेव्हा पीच संपत आले होते आणि मस्कत जातीची द्राक्षं पेटीत एकेक घड अशी मांडलेली होती. मी रोज संध्याकाळी जायचे, बहुतेक वेळा एकच केळं घ्यायचे. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी एक घड उचलून दाखवला आणि म्हणाल्या की वेलीवर असतानाच प्रत्येक घडाला हाताने पिशवी चढवतात. शब्द होता 'फुकुरोकाके'. फुकुरो! कॉनबिनीतला तोच शब्द. मला एकदम निफाडकडची मामांची बाग आठवली. आपल्याकडेही थंडीत मण्यांवर गुलाबी छटा येऊ नये म्हणून घडांना पेपर लावतात. 'छटा'ला शब्द नव्हता, 'गुलाबी'ला 'पिंकु' चाललं, आणि बाकीचं वाक्य सरळ मराठीतून आलं, "कामि ओ त्सुकेते ओकिमासु." कागद लावून ठेवतात. आजींनी हातातला घड खाली ठेवला, काउंटरच्या बाहेर आल्या आणि विचारायला लागल्या. कुठला कागद? कधी लावतात? बिया असतात का? वीस मिनिटं गेली. त्या संध्याकाळी पहिल्यांदा मी उत्तराची तयारी न करता बोलले. आजींची भाषा पुस्तकातली नव्हती. 'खूप'ला त्या 'बोक्के' म्हणायच्या आणि 'म्हणून'च्या जागी 'जाके'. ते सगळं माझ्या जिभेवर चढलं.

दहा आठवड्यांचा भाषावर्ग मात्र मध्यम. शिक्षिका मेहनती होत्या, पण मधल्या सुट्टीत जो तो आपापल्या भाषेत बोलायचा. त्यापेक्षा कोमिंकानमध्ये, म्हणजे वस्तीच्या सार्वजनिक सभागृहात, आठवड्यातून एकदा स्वयंसेवक शिकवायचे तो तास कितीतरी उपयोगी पडला. राहण्याच्या बाबतीत मध्यस्थाने 'शाळा चालत दहा मिनिटं' असं लिहून दिलं होतं, ती पस्तीस मिनिटं निघाली. पत्ता मिळाला की नकाशावर स्वतः मोजून घ्या. शहर सपाट आहे, सायकलीने निभावलं.

फिरण्याबद्दल. सात दिवसांचा देशभराचा जेआर पास, म्हणजे जपानी रेल्वेचा पास, 2023 च्या ऑक्टोबरमध्ये 29,650 येनवरून 50,000 येन झाला. मी तो घेतला. टोकियो, क्योतो, हिरोशिमा सगळं पाहिलं, आणि त्या आठवड्यात सगळ्यात कमी जपानी बोलले. पुन्हा गेले तर घेणार नाही. हिरोशिमाचं शांती संग्रहालय मात्र चुकवू नका. ओकायामाच्या आसपासच महिनाभर पुरेल इतकं आहे. कुराशिकी लोकलने पंधरा-वीस मिनिटांवर. तिथलं ओहारा कलासंग्रहालय 1930 चं, एल ग्रेकोचं चित्र तिथे शांतपणे बघता येतं. 1988 मध्ये सुरू झालेल्या सेतो पुलावरून ताकामात्सुला साधारण तासाभरात पोचता येतं. गाडी पुलाच्या खालच्या मजल्यावरून जाते आणि लोखंडी तुळयांमधून बेटं दिसत राहतात. कोराकुएनला तर मी अकरा वेळा गेले. 1700 मध्ये पूर्ण झालेली बाग, मधेच भाताची खाचरं आणि चहाचे वाफे, मागे नदीपलीकडे काळा किल्ला. बाकावर बसलं की कोणी ना कोणी आजोबा "कुठून आलीस?" म्हणून सुरू करायचे.

शाकाहारी असाल तर 'मांस नको' एवढं सांगून भागत नाही. सूपच्या पाण्यात, उदोनच्या (जाड शेवयांच्या) रश्शात दाशी, म्हणजे माशाचा अर्क, असते. "दाशी हाइत्ते इमासु का?" हे वाक्य पाठ करून जा. अल्पमुदतीच्या व्हिसावर नव्वद दिवसांच्या वर राहता येत नाही, काम करता येत नाही, रेसिडेन्स कार्डही मिळत नाही. त्यामुळे बँकेचं खातं विसरा आणि फोनसाठी डेटा सिमवर भागवा.

आता सहा महिन्यांनी. ऐकणं टिकलंय. जलद बोललेलं अजूनही कानात शिरतं. स्टेशनांवर वाचलेली कांजी, म्हणजे जपानीतली चित्राक्षरं, पक्की आहेत. बोलणं मात्र दोन महिन्यांत जड व्हायला लागलं होतं, म्हणून कोमिंकानच्या बाईंशी दर शनिवारी व्हिडिओवर बोलायचं ठरवलं. त्याने घसरण थांबली. पुण्यातल्या सरांनी परवा वर्गात 'जाके' पकडलं आणि परीक्षेत लिहू नकोस म्हणून बजावलं. बोलण्यातून ते काढायची माझी इच्छा नाही.

फेब्रुवारीत निफाडला जाऊन पेपर लावलेल्या घडांचे फोटो काढले आणि आजींना पाठवले. गेल्या आठवड्यात त्यांचं पोस्टकार्ड आलं. पाच ओळींतल्या साडेतीन मला कोशाशिवाय वाचता आल्या. उरलेल्या दीडीत एक प्रश्न आहे एवढं कळलंय, शनिवारी बाईंना विचारून उत्तर लिहीन.