कोर्तेदालाच्या हिवाळ्यात ऐकलेले चार स्वीडिश अल्बम

मी मिरजेत अकरा वर्षं गाणं शिकले. त्यामुळे कुठलंही संगीत लागलं की माझं लक्ष आधी गळ्याकडे जातं. स्वीडनमधल्या गोथेनबर्गला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात हे चार अल्बम घेतले, तेही त्याच कानाने ऐकले. इथे डिसेंबरात दुपारी साडेतीनला दिवेलागण होते. ऐकायला वेळ भरपूर.

येन्स लेकमनच्या २००७ च्या अल्बमचं नावच ‘नाइट फॉल्स ओव्हर कोर्तेदाला’. आम्ही राहतो ते हेच कोर्तेदाला. १९५० च्या दशकात उभी राहिलेली वस्ती, रस्त्यांना कॅलेंडरातली नावं. एका ट्राम थांब्याचं नाव तर चक्क ‘एप्रिल रस्ता’. आमचा पत्ता ऐकताच नवऱ्याच्या ऑफिसमधल्या एकाने हा अल्बम सुचवला. लेकमन इंग्रजीत गातो. गळा फार तयारीचा नाही, पण शेजारी चहाला आल्यावर घडलेली गोष्ट सांगावी, तसे तो शब्द टाकतो. एका गाण्यात तो अवोकाडो कापत असतो, प्रेयसी मागून येऊन मिठी मारते आणि सुरी बोटात जाते. दुसऱ्यात शिरीन नावाची बाई राहत्या घरातच पार्लर चालवते. तिच्याकडे केस कापून घेताना याला काळजी, सरकारला कळलं तर काय! मागे जुन्या रेकॉर्डांमधून उचललेले व्हायोलिन-ट्रंपेटचे तुकडे भरजरी पडद्यासारखे लावलेत. त्या तुकड्यांच्या हक्कांपायी मूळ अल्बम पुढे विक्रीतून काढावा लागला आणि २०२२ मध्ये ‘द लिंडन ट्रीज आर स्टिल इन ब्लॉसम’ या नावाने फेरफार करून पुन्हा आला. मला जुनी सीडी अँड्रा लाँगगाटानवर मिळाली. त्या रस्त्यावर जुन्या रेकॉर्डांची दुकानं आहेत, शनिवारी जावं.

‘द नाइफ’ म्हणजे करीन आणि ओलोफ ड्रेयर, बहीणभाऊ. त्यांच्या ‘सायलेंट शाउट’ला (२००६) स्वीडनच्या ग्रॅमिस सोहळ्यात सहा पुरस्कार मिळाले. करीनचा आवाज यंत्राने खाली ओढून जाड केलाय. कुठे बाई, कुठे पुरुष, कुठे म्हातारं माणूस. पहिल्यांदा ऐकताना मला भीतीच वाटली. हेडफोनवर ऐकलं तेव्हा कळलं की आवाज बदलला तरी श्वास तिचाच आहे. ओळीच्या शेवटी तो नीट ऐकू येतो.

आता माझा सगळ्यात आवडता. आना फॉन हाउसवोल्फ हिचा ‘ऑल थॉट्स फ्लाय’, २०२०. ही बाई उत्तम गाते, पण या अल्बममध्ये तिने तोंड उघडलेलंच नाही, नुसता नळ्यांचा ऑर्गन वाजवलाय. तो ऑर्गन आहे याच शहरातल्या अर्गर्यूते नव्या चर्चमध्ये. १७ व्या शतकातल्या आर्प श्निटगर या जर्मन कारागिराच्या धाटणीवर तो बांधलाय आणि सूरही त्या काळच्या पद्धतीने लावलेत. आजच्या पियानोत आणि आपल्या पेटीत गांधार किंचित चढा असतो, म्हणून तर पेटीवर रियाज करताना बाई आमच्यावर चिडायच्या. या ऑर्गनची लावणी अशी आहे की बऱ्याच स्वरांवर गांधार शुद्ध, स्वयंभू मिळतो. तंबोऱ्याची जोड नीट जुळली की तारांमधून न छेडता जो उमटतो, तोच. एका ठिकाणी तिने लांब स्वरसंगती धरून ठेवलीय. मी भाजी चिरत होते, विळी बाजूला सारली आणि तशीच बसून राहिले. मिरजेत सतारमेकर गल्लीत नव्या तंबोऱ्याची घोडी घासून जवारी काढताना जसा आवाज हळूहळू उघडतो, तसंच काहीसं. भात्याचा श्वास आणि नळ्यांची कुजबुजही ध्वनिमुद्रणात ठेवलीय, ते फार बरं केलं. या अल्बमची मी पहिल्यांदा घरबसल्या मागवलेली रेकॉर्ड वाकडी आली आणि बदलून मिळायला सहा आठवडे गेले. शक्य असेल तर दुकानात हातात घेऊन बघा.

चौथा सगळ्यात काळोखा. ‘कोल्ड मीट इंडस्ट्री’ ही लिनशोपिंग शहरातली रेकॉर्ड कंपनी रॉजर कारमानिकने १९८७ मध्ये काढली. ‘ब्रायटर डेथ नाऊ’ या नावाने केलेलं त्याचं स्वतःचं संगीत मला सोसलं नाही. सलग किंचाळी आणि गुरगुर, दहा मिनिटांत बंद केलं. पण त्याच कंपनीने काढलेला ‘रेझों देत्र’चा ‘इन सॅडनेस, सायलेन्स अँड सॉलिट्यूड’ (१९९७) जरूर ऐका. पेटर अँडरशॉन हा एकटाच माणूस. रिकाम्या कारखान्यात लोखंड घासल्यासारखे आवाज, घंटा, खालचा घुमारा. मला वाटलं होतं इथे गळा संपला. तेवढ्यात फार लांबून चर्चमधलं पुरुषांचं वृंदगान येतं, एकसुरी, संथ. भिंती पातळ म्हणून इथे आल्यापासून माझा रियाज बंद होता. त्या रात्री त्यांचा षड्ज धरून मी हलकेच ‘आ’कार लावला आणि गाणी संपेपर्यंत सोडला नाही.

हा मात्र हेडफोनवर ऐकू नका. खोलीत स्पीकर लावून, आवाज बेताचा ठेवून ऐका. मधे बाहेरून ट्राम गेली तरी तिची खडखड त्यात बेमालूम मिसळते. मुलं लहान असतील तर ती झोपल्यावर. लेकमन मात्र त्यांच्यासोबत सकाळीच लावा. आमच्या धाकटीला ते अवोकाडोचं गाणं पाठ झालंय.