कासवांच्या किनाऱ्यावर रात्री जावे की पहाटे?

एखाद्या निर्जन पुळणीवर सागरी कासवे अंडी घालायला येतात आणि आपण तिथे जायचे, एवढे नक्की झाले की निवड उरते ती वेळेची. रात्री वाटाड्याबरोबर बसून प्रत्यक्ष मादी पाहावी, की पहाटे किनाऱ्याने चालत जाऊन ती येऊन गेल्याच्या खुणा वाचाव्यात? दोन्ही मी केले आहे आणि अलीकडे पहाटेच जातो. माझे कारण सर्वांना पटेलच असे नाही, म्हणून आधी रात्रीची बाजू मांडतो.

रात्री जे दिसते त्याला तोड नाही, हे मान्य करायलाच हवे. मादी मागच्या पायाचे टोक पंजासारखे आत वळवून मूठभर वाळू अलगद वर काढते व बाजूला टाकते, मग दुसरा पाय तेच करतो. ज्या पायांना हा खड्डा कधी दिसत नाही, ते सुबक, कुपीसारखा खोलगट खड्डा खणतात. मग शंभरेक अंडी, कधी एकेक, कधी दोन-तीन मिळून, खाली पडतात. मादी ऑलिव्ह रिडले जातीची असेल तर खड्डा बुजवल्यावर ती पोटाकडच्या कवचाने वाळू धोपटून घट्ट करते आणि त्याचा दबका आवाज बाजूला बसलेल्यालाही जाणवतो. डोळ्यांतून पाणी वाहते ते दुःखाचे नव्हे, शरीरातले जादा मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथींचे असते.

अडचण आहे ती उजेडाची, आणि माझा कौल तिनेच ठरवला. पाण्यातून वर येण्यापासून खड्डा खणून होईपर्यंत मादी अतिशय सावध असते. हालचाल किंवा प्रकाश दिसला की ती अंडी न घालताच परत फिरते. एकदा अंडी घालू लागली की मात्र ती आजूबाजूची फारशी दखल घेत नाही. त्यामुळे तोवर मंडळींना अंधारात निश्चल बसवून ठेवावे लागते. कोस्टा रिकातील तोर्तुगेरो येथे रात्रीच्या फेरीत छायाचित्रे काढायलाच बंदी आहे, ती याच कारणासाठी. इतरत्र नियम असला तरी तो पाळला जाईलच याची खात्री नसते. मी बसलो होतो त्या एका किनाऱ्यावर बऱ्याच प्रतीक्षेनंतर लाटेच्या कडेला ओले कवच चमकले, आणि त्याच क्षणी आमच्यातल्या एका गृहस्थांनी वेळ पाहण्यासाठी मोबाईल उघडला. कासव थबकले, थोडा वेळ तसेच राहिले आणि वळून पाण्यात गेले. त्यांचा हेतू वाईट नव्हता, पण असा कोणी ना कोणी मला जवळजवळ प्रत्येक गटात भेटला. त्या पांढऱ्या उजेडानंतर आपले डोळेही अंधाराला सरावायला पुन्हा वीस-तीस मिनिटे घेतात, हा भुर्दंड वेगळाच. थोडक्यात, रात्रीचा अनुभव गटातल्या सर्वांत अधीर माणसाच्या हाती असतो.

पहाटे हा प्रश्नच उद्भवत नाही. कासव बहुधा दिसत नाही, पण उजाडताना, ऊन अजून तिरपे असताना, वाळूवर संपूर्ण रात्र लिहिलेली असते. ऑलिव्ह रिडलेच्या मागात डाव्या-उजव्या पायांच्या खुणा आलटून-पालटून पडतात. हिरव्या कासवाच्या खुणा दोन्ही बाजूंना समोरासमोर असतात आणि मधोमध बहुधा शेपटीची रेघ दिसते. पाय वाळू मागे ढकलतात, त्यामुळे वाळूचा लहानसा ढीग कुठल्या बाजूला आहे ते पाहिले की कासव कुठल्या दिशेने गेले हे कळते. येतानाच्या मागापेक्षा परतीचा माग लांब असेल, तर मधल्या वेळात ओहोटी लागली होती असे समजावे. वर चढलेला माग नुसताच वळून खाली उतरला असेल आणि कुठेही उकरलेली, उडवलेली वाळू नसेल, तर ती मादी अंडी न घालताच गेली. आणि येतानाच्या मागावर वाळूचा फवारा पसरलेला असेल, तर खड्डा झाकला गेला असण्याची शक्यता बरीच. हे वाचायला लागले की एका मागापाशी अर्धा तास सहज जातो, आणि या वाचनात कासवाला आपला काहीच उपद्रव होत नाही. मला स्वतःला मादीच्या मागे दाटीने उभे राहून मिळालेल्या काही मिनिटांपेक्षा हा अर्धा तास अधिक समाधानाचा वाटतो.

परवानगीच्या दृष्टीनेही पहाट सहसा सोपी जाते. ऑस्ट्रेलियातील मॉन रेपो येथे हंगामात रात्री किनारा सर्वांसाठी बंद असतो आणि फक्त मार्गदर्शकासह जाता येते. अशी व्यवस्था अनेक ठिकाणी आढळते. मात्र पहाटे गेलो म्हणून पुळणभर भटकण्याची मुभा मिळते असे नाही. चालावे ते भरतीरेषेखालच्या ओल्या वाळूतून, कारण घरटी वरच्या कोरड्या पट्ट्यात असतात. मागावर पाय देऊ नये, कारण सकाळच्या गस्तीवरचे लोक त्यावरूनच घरटी मोजतात.

पहाटेचे उणे असे की ज्याने आयुष्यात सागरी कासव पाहिलेलेच नाही, त्याला नुसत्या खुणांवर परतणे कोरडे वाटू शकते. अशा माणसाने एकदा रात्री जरूर जावे. फक्त गट लहान असावा आणि मोबाईल मुक्कामीच ठेवायला लावणारा वाटाड्या निवडावा. लेदरबॅक या सर्वांत मोठ्या सागरी कासवाचा किनारा असेल तर मीही रात्रीचाच विचार करीन, कारण दीड-दोन मीटर रुंदीचा माग पाहिल्यावर तो उमटवणारा प्राणी पाहण्याचा मोह आवरणे कठीण. एरवी भरतीचे कोष्टक पाहून दिवस ठरवावा. ऐन सूर्योदयाला पूर्ण भरती असेल तर मागाचा खालचा बराचसा भाग धुऊन गेलेला असतो. म्हणून मध्यरात्रीच्या सुमारास भरती येऊन गेलेली असेल, ती पहाट निवडावी.