टेक्कन ८ मधलं अस्वल : आठ महिन्यांच्या वापरानंतर

दिवाळीच्या पाडव्याला सुरुवात केली होती, परवा मृगाचा पहिला पाऊस पडून गेला. म्हणजे आठ महिने होत आले. एवढ्या काळात टेक्कन ८ या मारामारीच्या व्हिडिओ गेममध्ये मी कुमा सोडून दुसरं कॅरेक्टर हातात घेतलेलं नाही. कुमा म्हणजे अस्वल. जपानी भाषेत त्या शब्दाचा अर्थच अस्वल. गेम जानेवारी २०२४ मध्ये आला तेव्हा त्यात ३२ लढवय्ये होते. कराटेवाले, कुस्तीगीर, निन्जा, रोबो, आणि त्यांच्या रांगेत हे केसाळ धूड. कुमा शिकायचा म्हटलं तर मराठीत मला काहीच वाचायला मिळालं नाही, म्हणून जे हाती लागलं ते सविस्तर लिहितो.

शनिवारी रात्री आम्ही चार-पाच जण नागपुरात त्रिमूर्ती नगरला एका मित्राच्या घरी जमतो. पहिल्याच शनिवारी त्याने विचारलं, "काऊन बे, अस्वल काऊन घेऊन राहिला? जिन घे, काझुया घे, शिकून तरी होईन काही." त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं. जिन किंवा काझुया शिकलात तर टेक्कनची मूळ हत्यारं हाताला लागतात आणि ती पुढे कुठेही चालतात. कुमाचं शरीरच वेगळं असल्यामुळे त्याच्यावर शिकलेलं बरंचसं त्याच्याजवळच राहतं.

तरी घेतला, कारण तो माझ्या मनात फार जुना बसलेला आहे. महाल भागात आमच्या गल्लीच्या तोंडाशी व्हिडिओ गेमचं एक दुकान होतं. दोन टीव्ही, दोन प्लेस्टेशन, आणि बाकावर नंबर लावून बसलेली पोरं. तिथे टेक्कन ३ चालायचा. मोठी पोरं एडी घ्यायची, कारण त्याच्या लाथा कशाही दाबल्या तरी लागतात. एक दादा मात्र कुमा घ्यायचा आणि शांतपणे सगळ्यांना हरवायचा. त्या गेममध्ये पांडाला स्वतःचा चौकोन नव्हता, कुमाचाच दुसरा पोशाख असल्यासारखा तो निघायचा. आता टेक्कन ८ मध्ये दोघं वेगळे उभे आहेत. दुसरं कारण घरचं आहे. माझ्या मामाचं गाव देवलापारच्या बाजूला, पेंचच्या जंगलाला लागून. अस्वलाच्या गोष्टी ऐकतच मी मोठा झालो.

आता मुद्द्याचं. पहिल्या महिन्यात कुमा हातात बसतच नाही. टेक्कनमध्ये चार बटणं, प्रत्येक बटण एका हाताचं किंवा पायाचं. ते इथेही तसंच आहे, पण अंतराचा सगळा अंदाज चुकतो. धड मोठं, त्यामुळे बाजूला सरकून फटका चुकवायला जावं तर अर्धं शरीर जागेवरच राहतं. मागे हटण्याचा वेगही इतरांपेक्षा कमी. बाकी कॅरेक्टर ज्या साइडस्टेपवर आणि बॅकडॅशवर जगतात, त्या दोन्ही गोष्टी अस्वलाजवळ जेमतेम आहेत. वर मार खाताना हे मोठं अंग पुन्हा आड येतं. काही कॉम्बो, म्हणजे सलग जोडलेले फटके, असे आहेत जे फक्त अस्वलांवरच पूर्ण लागतात, माणसावर तेच मध्येच सुटतात. हे माहीत असलेला खेळाडू समोर आला की एका चुकीची किंमत अर्धं आयुष्य होते.

मग अस्वल जिंकतं कशावर? त्याच्याजवळ एक हंटिंग नावाची बैठक आहे. कुमा चारही पायांवर उतरतो आणि तसाच पुढे सरकतो. टेक्कनमध्ये फटक्यांच्या तीन उंच्या आहेत, हाय, मिड आणि लो. खेळातला सगळ्यात वेगवान फटका, म्हणजे जॅब हा साधा ठोसा, हायमध्ये मोडतो. तो १० फ्रेममध्ये येतो. खेळ सेकंदाला ६० फ्रेमने चालतो, म्हणजे १० फ्रेम हा सेकंदाचा सहावा भाग. घाबरलेला माणूस सवयीने जॅबच दाबतो. कुमा चार पायांवर असला की तो जॅब त्याच्या पाठीवरून हवेत जातो, आणि समोरचा भानावर येईपर्यंत तुमचा पंजा बसलेला असतो. तिथून पायावरही मारता येतं आणि मिडही मारता येतो. पायावरचा अडवायला त्याला बसावं लागतं, आणि बसला की मिड त्याच्या तोंडावर. निवड त्याची, वेळ तुमची.

हे कळल्यावर माझे दोन महिने फार आनंदात गेले. ऑनलाइन रँकमध्ये वर वर सरकत होतो. समोरच्यांपैकी बहुतेकांनी कुमा कधी पाहिलेलाच नव्हता. कुठला फटका लो आहे, कुठल्या फटक्यानंतर आपली पाळी येते, काहीच त्यांना ठाऊक नसायचं. मी सारखा हंटिंगमध्ये जायचो आणि जिंकायचो. हिवाळा संपता संपता व्हँक्विशर या पायरीपर्यंत पोचलो, आणि तिथे गाडी फसली. अडीच महिने फसलेली राहिली. तिथल्या पोरांना अस्वल माहीत होतं. मी खाली उतरलो की ते जॅब मारतच नसत. एक साधा मिड मारून मला उचलत आणि भिंतीपर्यंत नेत. एका रात्री मी ओळीने नऊ मॅच हरलो. त्या रात्री कुमा सोडायचं जवळपास पक्कं केलं होतं.

मार्च अखेरीस मामा दवाखान्याच्या कामाने नागपूरला आले आणि चार दिवस आमच्याकडे राहिले. त्यांच्याकडे तेव्हा मोहाचा हंगाम. पहाटे मोहफुलं वेचायला माणसं जातात, त्याच फुलांवर अस्वलंही येतात, आणि अंधारात अचानक समोरासमोर गाठ पडते. वाघापेक्षा अस्वलाचं भय त्या भागात जास्त आहे. मामा मागे दिवाणावर बसून बराच वेळ माझा खेळ पाहत होते. मग म्हणाले, "बापू, हे सारखं चार पायावरच काऊन ठेवून राहिला? अस्वल उभं होते ते पाहासाठी. वास घेते, अदमास घेते. मंग खाली होते अन् येते. तू पाहूनच नाही राहिला."

त्यांना टेक्कनमधलं काही कळत नाही, पण माझं नेमकं तिथेच चुकत होतं. हंटिंग ही माझी सवय झाली होती. समोरचा काय करतोय हे न पाहताच मी खाली जात होतो, म्हणून खाली जाण्याची वेळ त्याला आधीच कळत होती. दुसऱ्या दिवसापासून एक नियम केला. राउंडची पहिली दहा सेकंदं हंटिंग बंद. उभं राहायचं, अडवायचं आणि मोजायचं. हा अडवल्यावर जॅब दाबतो, की मागे सरतो, की बसतो? जॅब दाबणारा निघाला तरच खाली उतरायचं.

सुरुवातीला हरण्याचं प्रमाण वाढलंच, कारण उभं राहून खेळायचं तर अडवता यायला हवं, आणि मी ते कधी शिकलोच नव्हतो. इथे गेममधली रिप्लेची सोय फार कामाची ठरली. आपलीच हरलेली मॅच लावायची. जिथे प्रत्युत्तर द्यायची संधी होती तिथे गेम स्वतः सूचना देतो, आणि त्याच क्षणी रिप्ले थांबवून कंट्रोलर आपल्या हातात घेता येतो. तीच चूक, तोच समोरचा, पुन्हा पुन्हा. रोज झोपण्याआधी एक हरलेली मॅच अशी पाहायचो. जिंकलेल्या मॅच पाहणं बंद केलं. एप्रिलच्या शेवटी डिस्ट्रॉयर, मे महिन्यात एलिमिनेटर, आणि मग गार्यू लागला.

त्याच काळात रांगचूच्या जुन्या मॅच नव्याने पाहिल्या. हा कोरियन खेळाडू डिसेंबर २०१८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला टेक्कन वर्ल्ड टूरची अंतिम स्पर्धा जिंकला, तेही पांडा घेऊन. तेव्हा टेक्कन ७ चालू होता. जगातले सगळ्यात तयार खेळाडू समोर असताना अस्वलाने तो करंडक नेला, याचं मला आजही अप्रूप आहे. डिसेंबरात मी त्या मॅच पाहिल्या तेव्हा कॉम्बो पाहत होतो. एप्रिलमध्ये पाहिल्या तेव्हा दिसलं, की कॉम्बोच्या आधी तो कितीतरी वेळ काही करतच नाही. योग्य अंतरावर उभा असतो. समोरच्याचा फटका बोटभर कमी पडतो, आणि मग पंजा येतो. अस्वलाला चपळाई नाही, पण हाताची पोच चांगली आहे. त्या पोचेच्या टोकावर उभं राहणं हीच त्याची चपळाई. हे मला कुणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

एक गोष्ट भावनेची, पण सांगतोच. कुमा हा टेक्कनमधल्याच हेइहाची मिशिमा या लढवय्याचा पाळलेला. पहिल्या टेक्कनमध्ये, १९९४ साली, जो कुमा होता तो याचा बाप. टेक्कन ३ पासूनचा कुमा हा मुलगा. हेइहाची टेक्कन ८ मध्ये सुरुवातीला नव्हता, ऑक्टोबर २०२४ मध्ये परत आला. रँकमध्ये समोर हेइहाची आला की माझा हात अजून क्षणभर थबकतो. आपल्याच मालकावर पंजा उगारायचा. बाकी कुठल्याही कॅरेक्टरसोबत मला असं नातं जाणवलेलं नाही, आणि मला वाटतं आठ महिने टिकायला तेच जास्त उपयोगी पडलं.

आता थोडं नागपुरात बसून खेळण्याबद्दल. वायफायवर खेळू नका, सरळ केबल टाका. मी दोन महिने राउटर हॉलमध्ये आणि कन्सोल आतल्या खोलीत ठेवून खेळलो. कुमाची अर्धी ताकद समोरच्याला अडवून लगेच प्रत्युत्तर देण्यात आहे, आणि लॅगमध्ये, म्हणजे नेट अडखळलं की, नेमकी तीच जाते. तीस फुटांची केबल भिंतीच्या कडेने नेली तेव्हापासून मुंबई, हैदराबाद, बंगळुरूच्या पोरांसोबत मॅच स्वच्छ चालतात. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की कूलरशिवाय बसता येत नाही, आणि कूलरच्या घरघरीत खेळाचा आवाज बुडतो. फटका अडला की लागला हे मी बरंचसं कानाने ओळखतो, त्यामुळे हेडफोन घ्यावेच लागले. तळहाताला घाम येतो, तेव्हा मांडीवर सुती रुमाल ठेवा. वादळात लाइट गेली आणि मॅच तुटली तर ती हरल्यात जमा होते; राउटर आणि कन्सोल दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या.

कुणी घ्यावा कुमा? टेक्कन पहिल्यांदाच खेळणाऱ्याला मी दुसरं कॅरेक्टर सुचवीन. अस्वलासोबत सुरुवातीचे विजय फार स्वस्तात मिळतात. समोरच्याच्या अज्ञानावर आपण चढत जातो आणि आपलं अज्ञान तसंच राहतं. ज्याने एखादं साधं कॅरेक्टर वर्षभर खेळलंय आणि ज्याला अडवता येतं, त्याने मात्र जरूर घ्यावा. त्याच्या प्रत्येक फटक्याला वजन आहे. दोन-तीनदा नीट बसला की समोरचा कोपऱ्यात असतो, आणि भिंतीजवळ अस्वलासमोर उभं राहणं किती अवघड असतं हे आमच्या शनिवारच्या मंडळींना विचारा. काझुया घ्यायला सांगणारा मित्र हल्ली माझ्यासमोर जॅब मारणं टाळतो. मध्येच म्हणतो, "थांब बे, उभा राहिला म्हणजे हा पाहून राहिला." मामांचं वाक्य आता सगळ्या ग्रुपचं झालं आहे.

सध्या अडलो आहे ते थ्रोपाशी, म्हणजे पकडून आपटण्याच्या डावांपाशी. साधे थ्रो कुठल्याही एका हाताच्या बटणाने सुटतात, ते जमतं. किंगसारख्या कुस्तीगिराचे खास थ्रो वेगळे. त्याचा डावा हात पुढे आला तर डावं बटण, उजवा आला तर उजवं, दोन्ही आले तर दोन्ही, आणि तेही डोळ्याचं पातं लवण्याच्या आत. गार्यूत आल्यापासून किंग दर दुसऱ्या दिवशी भेटतो आणि मला उचलून आपटतो. म्हणून रोज जेवण झाल्यावर वीस मिनिटं प्रॅक्टिस मोडमध्ये त्यालाच समोर उभा करतो. तिन्ही थ्रो रेकॉर्ड करून ठेवलेत, कुठला येईल ते गेम ठरवतो. मी हंटिंगला जात नाही, फटका मारत नाही. कुमाला नुसतं उभं ठेवतो, आणि किंगचा कोणता हात पुढे येतोय ते पाहत राहतो.