खिशात मावणारा इंग्रजी-मराठी शब्दकोश : ‘हिल’ आणि ‘माउंटन’ या नोंदींपुरते परीक्षण

शालेय मुलांसाठी घेतलेल्या या कोशाची छपाई ठसठशीत आणि बांधणी मजबूत आहे. मात्र ‘हिल’पुढे ‘टेकडी, डोंगर’ आणि ‘माउंटन’पुढे ‘डोंगर, पर्वत’ एवढेच देऊन संपादकांनी मुख्य भेद वाचकावर सोपवला आहे. हा भेद उंचीइतकाच त्या त्या प्रदेशातील रूढीवरही अवलंबून असतो, हे एका ओळीत सांगता आले असते. ब्रिटनमध्ये साधारणपणे २००० फूट, म्हणजे ६०९.६ मीटर, ही ‘माउंटन’ची किमान उंची मानतात, त्यामुळेच इंग्लंडमधील कंब्रियातले काफ टॉप हे शिखर नव्या मोजणीत ६०९.६०६ मीटर भरले, तेव्हा २०१६ मध्ये अवघ्या ६ मिलिमीटरांच्या जोरावर त्याची गणना ‘माउंटन’मध्ये झाली. अमेरिकेत मात्र या दोहोंची अधिकृत व्याख्याच नाही. आपल्याकडे दोडाबेट्टा हे शिखर २६०० मीटरांहून उंच असूनही निलगिरीच्या त्या रांगेला इंग्रजीत सर्रास ‘हिल्स’ म्हणतात, आणि हे उदाहरण तर मराठी विद्यार्थ्याला चटकन पटले असते. ‘हिल स्टेशन’ची स्वतंत्र नोंद दिली आहे, ही खरोखर चांगली गोष्ट. स्पेलिंग पाहण्यापुरता कोश उपयोगी आहे. भूगोलाच्या अभ्यासासाठी मी तो सुचवणार नाही.