घायपाताचा दोर, नेलकटर आणि नखांच्या टोप्या: चिंगीच्या नखांवर केलेले उपाय, काही महिन्यांच्या वापरानंतर

मांजर सोफा फाडते, घरात म्हातारं माणूस आहे, मग तिची नखं कायमची काढून टाकावी का, हा प्रश्न आमच्याही घरी आला. सासूबाईंना मधुमेह आहे, रक्त पातळ ठेवण्याची गोळी सुरू आहे आणि वयामुळे कातडी नाजूक झाली आहे. आमची मांजर चिंगी त्यांच्या मांडीवरून नुसती उडी मारून उतरली तरी हातावर लाल रेघ उठायची. अमेरिकेतल्या नणंदेला आईची काळजी वाटली. तिने फोनवर सांगितलं, "वहिनी, इकडे ऑपरेशन करतात, तिकडे विचारून बघ." आमच्या डॉक्टरांनी ऐकताक्षणी नाही म्हटलं आणि का नाही, तेही नीट समजावलं. तेव्हापासून, म्हणजे गेल्या हिवाळ्यापासून या पावसाळ्यापर्यंत, आम्ही जे जे वापरलं ते इथे लिहिते आहे.

आधी त्या ऑपरेशनबद्दल. मांजरीचं नख बोटाच्या अगदी शेवटच्या हाडातून वाढतं. ते पुन्हा येऊ नये म्हणून डॉक्टरांना ते हाडच सांध्यापासून कापावं लागतं. पुढच्या दोन पायांची दहा बोटं म्हणजे दहा सांधे छाटायचे. आपल्या हाताच्या प्रत्येक बोटाचं शेवटचं पेर काढल्यासारखंच ते आहे. मांजर चालते बोटांवर, त्यामुळे चाल बदलते, भार भलतीकडे जातो आणि पाठ दुखायला लागते. पावलं दुखतात म्हणून कित्येक मांजरी रेतीचा ट्रे सोडून गादीवर लघवी करतात. बचावाला नखं उरली नाहीत की दात वापरतात, आणि मांजरीचा चावा ओरखड्यापेक्षा जास्त खोल जातो. पशुवैद्यकांच्या एका अभ्यासात नखं काढलेली १३७ आणि नखं शाबूत असलेली १३७ मांजरं तपासली, तर पहिल्या गटातल्या ६३ टक्के मांजरांच्या पायात हाडाचे तुकडे राहून गेलेले आढळले. पाठदुखी, चावणं, भलत्या जागी घाण करणं हेही त्या गटात जास्त होतं. हाड न काढता फक्त नख बाहेर काढणारी स्नायूची दोरी (कंडरा) कापायचा प्रकारही आहे. त्यात नख वाढतच राहतं, पण मांजरीला ते वापरून झिजवता येत नाही, मग ते वळून पंजाच्या गादीत रुततं. तोही नको.

युरोपातल्या १९८७ च्या पाळीव प्राणी संरक्षण करारात हे ऑपरेशन निषिद्ध आहे, इस्रायलने २०११ मध्ये बंदी घातली, आणि अमेरिकेत न्यूयॉर्क हे २०१९ साली बंदी घालणारं पहिलं राज्य ठरलं. आपल्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम ११ प्राण्याचं अंग छाटणं क्रूरतेत धरतं. नणंदेला पटलं ते मात्र वेगळ्याच मुद्द्यावर. अमेरिकेची सीडीसी ही सरकारी आरोग्य संस्था प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसांच्या घरातसुद्धा मांजरीची नखं काढायला सांगत नाही. नखं कापा, पिसवा होऊ देऊ नका, दांडगाईचे खेळ टाळा, ओरखडा लगेच धुवा, एवढंच सांगते. ओरखड्यातून होणाऱ्या तापाचा जंतू पिसवांच्या विष्ठेतून मांजरीच्या नखात जातो. म्हणून पिसवांचं औषध नियमित सुरू केलं, तेही मांजरीसाठीचंच. कुत्र्याच्या काही औषधांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं आणि ते मांजरीच्या जिवावर बेततं.

आता खांबाकडे येते, कारण सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडला.

मांजर ओरबाडते त्यात राग नसतो. नखावरचं जुनं टरफल काढणं, झोपून उठल्यावर खांद्यापासून कंबरेपर्यंत अंग ताणणं आणि पंजातल्या ग्रंथींचा वास लावून "ही जागा माझी" असं सांगणं, ही तिन्ही कामं त्यात होतात. ही कामं ती करणारच. त्यासाठी तिला सोफ्यापेक्षा चांगली जागा देता येते का, एवढाच प्रश्न उरतो.

पहिला खांब ऑनलाइन घेतला. गुडघ्याएवढा, वर गालिच्यासारखं कापड, तळाला हलकी पाटी. चिंगीने पुढचे पाय टेकवले, खांब डुगडुगला, ती जी बाजूला झाली ती परत त्याच्याकडे गेलीच नाही. खांब मांजरीने मागच्या पायांवर उभं राहून पूर्ण ताण दिला तरी पुरेल एवढा, म्हणजे निदान तीन फूट हवा, आणि ओढला तरी हलता कामा नये. बाजारात मिळणारे बरेचसे या दोन्ही बाबतीत कमी पडतात. गालिच्याचं कापड मला तर मुळातच चुकीचं वाटतं, कारण खाली अंथरलेल्या सतरंजीत आणि त्यात मांजरीने फरक कसा करावा?

मग घरीच करायचं ठरवलं. इथे नागपुरात लकडगंजच्या एका आरा मशीनवरून चार इंच जाडीची, तीन फुटांची बल्ली रंधा मारून आणली. तळाला दोन फूट बाय दोन फूट जाड प्लाय सुताराकडून खालून स्क्रू मारून बसवला आणि त्याच्यावर घरात पडून असलेला कडप्प्याचा तुकडा ठेवला. दोरासाठी इतवारीत गेले. दुकानदाराने विचारलं, "पाळण्याले पाह्यजे का ताई?" मांजरीला नखं घासायला हवाय म्हटल्यावर तो हसला नाही, उलट चार प्रकारचे दोर काढून समोर टाकले आणि म्हणाला, "मंग नायलॉन नका घेऊ, नख अडकते त्यात." मी घायपाताचा, अंबाडीचा आणि काथ्याचा असे तुकडे आणून चिंगीसमोर ठेवले. काथ्या तिने हुंगून सोडला. अंबाडी आवडली, पण तिचे धागे लवकर पिंजले. घायपातावर ती लगेच चढली. तो खरखरीत असतो, त्यात नख रुततं आणि सहज सुटतंही. सुतळी मी घेतली नाही, तिला येणारा तेलाचा वास मलाच सहन होत नाही.

आठ मिलिमीटरचा दोर या मापाच्या बल्लीला जवळपास ४० मीटर लागतो. आधी कमी आणू नका, मधे जोड आला की तिथूनच सुटतो. सुरुवातीला आणि शेवटी फेविकॉल व चुका (बारीक खिळे), मधे नुसता घट्ट पीळ. चुका तळाजवळ आणि वरच्या टोकावर, पंजा पोचणार नाही अशा ठिकाणी. सगळा खर्च चांगल्या तयार खांबाच्या निम्म्याहून कमी आला. शेजारच्या काकू फाटकातूनच म्हणाल्या, "मांजरीले कायले एवढं करता बाप्पा?" आता त्यांच्याकडेही पिल्लू आहे आणि आमच्या उरलेल्या दोरातून त्यांचा खांब झाला.

खांब कुठे ठेवायचा, यावर निम्मं यश अवलंबून आहे. कोपऱ्यात, दिसू नये असा ठेवला तर उपयोग नाही. जो सोफा ती फाडते त्याला अगदी लागून, आणि ती झोपते त्या जागेजवळ ठेवायचा, कारण उठल्या उठल्या तिला ताण द्यायचा असतो. सोफ्याच्या कडेला दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावली. मांजरींना पंजाला चिकटलेलं आवडत नाही. महिन्याभरात सोफ्याकडे जाणं थांबलं. मग टेप काढली, खांब तिथेच ठेवला.

आणि मग मे महिना आला. इथला उन्हाळा माहीत नसलेल्यांना सांगते, पारा ४५ च्या वर गेला की सगळं घर कूलरच्या खोलीत राहायला येतं. चिंगीही आली. नवतपात, म्हणजे उन्हाळ्याच्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत, ती दिवसभर कूलरसमोरच्या फरशीवर पडून असायची आणि उठली की शेजारच्या दिवाणाची गादी ओरबाडायची. खांब बाहेरच्या खोलीत, तिची झोप आतल्या खोलीत. खांब आत आणला त्याच दिवशी गादी वाचली. नागपुरात मांजर पाळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, ऋतूप्रमाणे मांजरीची झोपायची जागा बदलते आणि खांबही तिच्या मागोमाग न्यावा लागतो. कूलरच्या ओल्या हवेत दोराला कुबट वास येतो, म्हणून आठवड्यातून एकदा सकाळच्या उन्हात ठेवायचा.

चिंगीला खांबाकडे वळवायला दोन गोष्टी वापरल्या. पंजा टेकवला की लगेच उकडलेल्या चिकनचा छोटा तुकडा, मीठ-मसाला-लसूण काही नसलेला. आणि पावसाळ्यात खोकलीचं मूळ. कुंपणाकडेला आपोआप उगवणारं हे तण, काही जण त्याला कुप्पी म्हणतात. उपटून मूळ उघडं पडलं की बऱ्याच मांजरी त्यावर लोळायला लागतात. मूळ दोरावर घासलं की चिंगी खांबाला मिठी मारते. हे मी खायला देत नाही, नुसतं घासते. कॅटनिप या मांजरींना धुंद करणाऱ्या वनस्पतीची पूड मात्र आमच्याकडे काहीच कामाची ठरली नाही. तिचा परिणाम सगळ्याच मांजरींवर होत नाही.

नखं कापणं मला सगळ्यात अवघड जाईल असं वाटलं होतं. डॉक्टरांनी एकदा हात धरून दाखवलं. पंजा हातात घेऊन बोटावर वरून आणि खालून हलका दाब दिला की नख बाहेर येतं. उजेडात मुळाशी गुलाबी भाग दिसतो, तिथे रक्तवाहिनी आणि नस असते. त्याच्या बऱ्याच पुढे, फक्त पारदर्शक टोक कापायचं. मांजरांसाठीचा छोटा कात्रीसारखा नेलकटर घ्या. माणसांच्या नेलकटरने नख दाबलं जाऊन चिरतं. एका बैठकीत सगळी नखं कापलीच पाहिजेत असं नाही, दोन झाली तरी खाऊ देऊन सोडून द्यायचं. आम्ही दुपारी ती झोपेत असताना कापतो. दर दोन-तीन आठवड्यांनी पुढच्या पायांची, मागच्यांची क्वचित. पुढच्या पायाच्या आतल्या बाजूला अंगठ्यासारखं एक नख असतं, ते जमिनीला लागत नाही म्हणून झिजतही नाही. ते विसरू नका, म्हाताऱ्या मांजरींत ते गोल वळून मांसात शिरतं. रक्त आलंच तर कॉर्नफ्लोअर दाबून धरायचं. ज्यांना घरी जमत नाही त्यांच्यासाठी सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे.

सासूबाईंच्या हातावरचे ओरखडे थांबले ते या कापण्याने. टोक बोथट असलं की ती उडी मारताना नुसता पंजा लागतो.

नखांवर चिकटवायच्या व्हिनाइलच्या टोप्या नणंदेने पाठवल्या. त्यांच्याबद्दल माझं मत अर्धवट चांगलं आहे. आधी नख कापायचं, टोपीत गोंदाचा थेंब घालायचा, बसवायची, आणि सुकेपर्यंत मांजरीला धरून ठेवायचं. दोन माणसं लागतात. नख वाढतं तशी टोपी चार ते सहा आठवड्यांत आपोआप गळते, पण सगळ्या एकदम गळत नाहीत, मग एका पंजावर दोन आहेत आणि तीन नाहीत अशी अवस्था. चिंगी पहिले दोन दिवस त्या चावत बसली. गोंद जास्त झाला की केसात चिकटतो. सासूबाईंच्या हातावर मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लावलेल्या सुईची जागा काळीनिळी झाली होती, तेवढ्या दिवसांपुरत्या टोप्या खरोखर उपयोगी पडल्या. कायम वापराव्यात असं मला वाटत नाही. बाहेर फिरणाऱ्या मांजरीला तर मुळीच नको, कुत्रं मागे लागलं तर तिला भिंत चढता आली पाहिजे.

संत्र्याच्या साली सोफ्यावर ठेवून पाहिल्या. आंबिया बहाराची संत्री येतात त्या दिवसांत घरात सालींना तोटा नसतो. ताज्या असेपर्यंत ती तिकडे फिरकत नाही, सुकल्या की परत येते. संत्र्याचं तेल मात्र शिंपडू नका, ते मांजरीला विषारी असतं. पाण्याचा फवारा, चापट, ओरडणं हे काही आम्ही केलं नाही. त्याने मांजर ओरबाडणं सोडत नाही, तुमच्या पाठीमागे ओरबाडते आणि तुम्हाला घाबरायला लागते.

ओरखडा आलाच तर सासूबाईंनाही आता पाठ आहे, वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं आणि रेबीजच्या लशीसाठी डॉक्टरांना विचारायचं. रक्त न येता नुसतं खरचटलं तरी लशीचा विचार करावा लागतो, रक्त आलं तर लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं. चिंगीची स्वतःची रेबीजची लस दरवर्षी वेळेवर होते.

डासांच्या जाळीच्या दाराचं मात्र अजून जमलेलं नाही. संध्याकाळी पाल दिसली की ती जाळीवर चढते आणि नायलॉनमध्ये तिचं नख अडकतं. अडकून लोंबकळली तर बोट दुखावेल ही मला भीती आहे. खालच्या अर्ध्या भागाला स्टीलची बारीक जाळी बसवून घेते आहे आणि दाराशेजारी दुसरा खांब उभा करायचा आहे, या वेळी चार फुटांचा. बल्ली आणली आहे, दोर अजून आणायचा आहे.