रॉकवेल की सेंटिनेल? जाड, तिरक्या अक्षरांची पाटी करताना

पाटीवर इंग्रजी नाव जाड, तिरकं आणि चौकोनी पायांच्या अक्षरांत हवं असेल, तर माझ्यापुढे फिरून फिरून दोनच फाँट येतात: रॉकवेल बोल्ड इटॅलिक आणि सेंटिनेल बोल्ड इटॅलिक. दोन्ही मी भरपूर वापरलेत.

रॉकवेल मोनोटाइप या फाँट कंपनीचा, १९३४ सालचा. रेघ जवळपास एकाच जाडीची, 'ओ' कंपासने काढल्यासारखा. त्याचं इटॅलिक म्हणजे सरळ अक्षरच कलतं केलेलं, पण मोठ्या आकारात ते छान धावतं. शिवाय मायक्रोसॉफ्ट ऑफिसबरोबर तो पुष्कळ संगणकांवर आधीच आलेला असतो.

मला अडवलं ते 'ए'ने. रॉकवेलच्या कॅपिटल 'ए'च्या शेंड्यावर आडवी पट्टी असते. एकटं अक्षर पाहिलं तर मोठं रुबाबदार. पण आपली नावं इंग्रजीत लिहिली की 'ए' किती येतात बघा! एका खानावळीसाठी मी 'मालवण' कॅपिटलमध्ये लावत होतो. 'व्ही'च्या वरच्या पट्ट्या आणि शेजारच्या 'ए'ची पट्टी एकमेकींना भिडायला लागल्या. अक्षरं ॲक्रिलिकमध्ये सुटी कापायची होती, त्यामुळे भिडून चालणार नव्हतं. अंतर वाढवलं, तर मधे तिरकी फट पडली आणि लांबून नाव 'मालव' आणि 'अण' असं तुटलं. अख्खी संध्याकाळ कर्निंगमध्ये, म्हणजे दोन अक्षरांमधलं अंतर जुळवण्यात गेली. सावंतवाडीत तर 'डब्ल्यू-ए'ची जोडी दोनदा येते.

सेंटिनेलच्या 'ए'चा शेंडा मोकळा आहे. त्यामुळे 'ए'चा पाय 'व्ही'च्या कुशीत सरकतो आणि शब्द एकसंध बसतो. हा २००९ सालचा फाँट क्लॅरेंडनच्या घराण्यातला. क्लॅरेंडन १८४५ चा, लंडनच्या रॉबर्ट बेस्लीच्या फाउंड्रीतला, म्हणजे छपाईचे टाइप ओतणाऱ्या कारखान्यातला. त्या घराण्यात इटॅलिकची उणीव होती, ती सेंटिनेलने भरून काढली. याचं इटॅलिक नुसतं कललेलं नाही, हाताच्या वळणाचं आहे. स्मॉल अक्षरांत ते जास्त जाणवतं. पैसे मात्र मोजावे लागतात, आणि छोट्या कामात तो खर्च गिऱ्हाइकाला पटवणं सोपं नसतं.

दोन लिपींची पाटी असेल तर आणखी एक. २०२२ च्या कायदेदुरुस्तीनंतर महाराष्ट्रात दुकानाच्या पाटीवरचं मराठी नाव इतर लिपीपेक्षा लहान चालत नाही. म्हणजे इंग्रजी नाव बहुतेक वेळा खालच्या ओळीत, लहान. तिथे अशी फट माझ्या डोळ्यांना तरी जास्तच खुपते.

नावात 'ओ', 'सी', 'जी' अशी गोल अक्षरं असतील तर रॉकवेल खुशाल घ्या, त्याचा गोलवा सेंटिनेलला नाही. पण 'व्ही-ए' किंवा 'डब्ल्यू-ए' असेल, तर आधी तेवढीच दोन अक्षरं हातभर मोठी छापून भिंतीवर लावा आणि रस्ता ओलांडून बघा. मी तसं पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी सेंटिनेलचे पैसे भरले.